कॅमेरा कोणाचाही असो, बोली एक हवी

किराणा दुकानात तांदळाच्या किंवा तूरडाळीच्या पोत्यावर ‘सॉर्टेक्स’ हा शब्द छापलेला असतो. भाव सांगताना दुकानदार तो हमखास उच्चारतो आणि गिऱ्हाईकही समजून घेते की माल निवडलेला आहे, खडा नाही, काळा दाणा नाही. हे मुळात १९४७ मध्ये लंडनला सुरू झालेल्या एका कंपनीचे नाव. रंगावरून चांगला-वाईट दाणा ओळखणारी यंत्रे ती बनवू लागली आणि पुढे कंपनीचे नावच मालाच्या प्रतीचे नाव झाले. आजच्या अशा यंत्रांत कॅमेरे असतात. उतरत्या पन्हाळीवरून दाण्यांची धार त्यांच्यासमोरून पडते आणि डागाळलेला दाणा दिसताच हवेचा बारीक झोत त्याला बाजूला उडवतो. सूतगिरणीत कापसाबरोबर आलेला प्लॅस्टिकच्या गोणीचा धागाही असाच पकडला जातो. पूर्वी सूप घेऊन दारात बसलेली बाई जे करत असे, ते आता यंत्राचा डोळा करतो.

हा डोळा आता सगळीकडे आहे. चाकण-भोसरीच्या पट्ट्यात गाड्यांचे सुटे भाग तपासायला तो लागतो, बाटलीचे बूच नीट बसले की नाही हे पाहायला लागतो. भारतात १ ऑगस्ट २०२३ पासून ठरावीक ३०० औषध-ब्रँडच्या वेष्टनांवर बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा झाला. धावत्या लाइनवर असा कोड नीट उमटला का, हे माणसाच्या नजरेने तपासता येत नाही, तिथेही कॅमेराच लागतो. डोळ्याविषयी आणि त्यामागच्या कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी हल्ली भरपूर बोलले जाते. दोघांना जोडणाऱ्या तारेविषयी मात्र कोणी बोलत नाही. कॅमेऱ्याने टिपलेले चित्र संगणकापर्यंत कसे जाते, किती वेगाने जाते आणि मुख्य म्हणजे कोणत्या बोलीत जाते, यावर कारखान्याचा पैसा आणि स्वातंत्र्य दोन्ही अवलंबून असतात. आपले उद्योजक कॅमेरा घेताना वेगाचा आकडा पाहतात आणि बोलीचा प्रश्न विचारत नाहीत. ही चूक महागात पडणारी आहे.

सुरुवातीच्या काळात यंत्राच्या डोळ्याने टीव्हीची तार उसनी घेतली होती. कॅमेरा टीव्हीच्या पद्धतीचा, केबल अँटेनाच्या जातीची, चित्र सेकंदाला पंचवीस. पण टीव्हीचे चित्र माणसाच्या डोळ्यासाठी बेतलेले होते. त्यात प्रत्येक चित्राच्या विषम ओळी आधी येत आणि एक पन्नासांश सेकंदाने सम ओळी. बातम्या वाचणाऱ्या निवेदकाच्या चेहऱ्यावर त्याने काही बिघडत नाही. कन्व्हेयरवर सेकंदाला अर्धा मीटर सरकणारा नट मात्र तेवढ्यात एक सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. मग चित्रात त्याच्या कडेला कंगव्यासारखे दात उगवतात. अशा चित्रावरून व्यास मोजायचा तरी कसा? शिवाय चित्र विजेच्या चढउतारांच्या रूपात येई आणि त्याचे आकडे करण्याचे काम संगणकातले कार्ड करी. त्या कार्डाला ‘फ्रेम ग्रॅबर’ म्हणतात. कॅमेऱ्याचे घड्याळ आणि कार्डाचे घड्याळ किंचित जरी मागेपुढे झाले, तरी बिंदू जागचा हलत असे.

म्हणून कॅमेऱ्यातच आकडे तयार करायचे ठरले आणि नवीच अडचण उभी राहिली. १९९०च्या दशकातल्या डिजिटल कॅमेऱ्यांना डझनावारी तारांची जाड केबल लागे आणि कोणत्या पिनवर काय येणार हे प्रत्येक कंपनी आपल्या मनाने ठरवी. एका कंपनीचा कॅमेरा, दुसरीचे फ्रेम ग्रॅबर, म्हणजे तेवढ्या जोडीपुरती केबल मुद्दाम बनवून घ्यायची. घरातल्या कपाटाचा एक खण जुन्या मोबाइल चार्जरांनी भरलेला असतो आणि त्यातला एकही कामाचा नसतो. तसाच तो प्रकार होता, फक्त इथे एकेक चार्जर हजारोंचा.

ऑक्टोबर २००० मध्ये अमेरिकेतल्या ऑटोमेटेड इमेजिंग असोसिएशनने ‘कॅमेरा लिंक’ हे मानक जाहीर केले आणि त्या गोंधळाला पहिला बांध बसला. नॅशनल सेमिकंडक्टर कंपनीच्या एका चिपचा त्याला आधार होता. अठ्ठावीस रेषांवरची माहिती एकामागे एक लावून चार जोड-तारांवरून पाठवायची, पाचवी जोडी घड्याळासाठी. सव्वीस पिनांचा एकच ठरलेला कनेक्टर. साध्या रचनेत सेकंदाला २५५ मेगाबाइट, दोन केबल जोडून सर्वांत वरच्या रचनेत ८५०. त्या काळात हा वेग अफाट होता. मर्यादाही तशाच ठसठशीत होत्या. केबल दहा मीटरपलीकडे नेता येत नसे, कारण वेगवेगळ्या जोड्यांवरून निघालेले संकेत लांब पल्ल्यावर एकाच वेळी पोहोचत नाहीत. आणि वाटेत एखादा आकडा बिघडला, तर तो बिघडला हे कळायची सोयच नव्हती. वेल्डिंग मशिनशेजारी केबल ओढणाऱ्यांना त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

दुसरीकडे स्वस्ताईचा एक मार्ग घरगुती बाजारातून आला. ॲपलच्या पुढाकाराने तयार झालेले आणि १९९५ मध्ये आयईईईने मानक म्हणून स्वीकारलेले ‘फायरवायर’. हँडीकॅमचे चित्रीकरण संगणकावर उतरवायला ते अनेकांनी वापरले असेल. औद्योगिक कॅमेरे बनवणाऱ्यांनी ते उचलले, त्यावर कॅमेऱ्याची भाषाही ठरवली. ना वेगळे कार्ड, ना जाड केबल. पण १९९९च्या सुमारास ॲपलने प्रत्येक पोर्टमागे एक डॉलर मागितल्याची चर्चा झाली आणि उद्योगात नाराजी पसरली. पुढे ती रक्कम खाली आली, तरी इंटेलने आपल्या मूळ चिपसंचात फायरवायर घेतले नाही आणि यूएसबीला बळ दिले. २००८ मध्ये ॲपलने स्वतःच्याच नव्या मॅकबुकवरून तो पोर्ट काढला. घरगुती गिऱ्हाइकाचे त्याने फारसे अडले नाही. कारखान्यात यंत्र पंधरा-पंधरा वर्षे चालते, तिथे मात्र हाती आलेली सोय अनाथ झाली. दुसऱ्याच्या बाजारावर स्वार होण्यात फायदा असतो, पण लगाम आपल्या हाती राहत नाही.

लगामाचा हा धोका आधीच ओळखून बहुधा पुढची निवड झाली होती. २००६ मध्ये ‘गिगई व्हिजन’ आले. यात कॅमेरा सरळ लॅन केबलला जोडायचा. इथरनेट कोणा एका कंपनीच्या लहरीवर चालत नाही. ते बँकेत आहे, शाळेत आहे, ग्रामपंचायतीच्या संगणकालाही आहे. केबल शंभर मीटर जाते, दुकानात मिळते, आणि तीच केबल कॅमेऱ्याला वीजही पुरवू शकते. वेग सेकंदाला एक गिगाबिट, म्हणजे जेमतेम १२५ मेगाबाइट. पन्नास लाख बिंदूंचे कृष्णधवल चित्र साधारण ५० लाख बाइटचे होते, तेव्हा सेकंदाला तेवीस-चोवीस चित्रे जातात. यातली एक क्लृप्ती फार सुंदर आहे. चित्राचे बारीक गठ्ठे करून पाठवले जातात. नेहमीच्या आकाराचे गठ्ठे केले तर वरच्या एका चित्राचे सुमारे ३,४०० होतात. पोहोच घेत बसण्यात वेळ जाऊ नये म्हणून गठ्ठे नुसते भिरकावले जातात, पण प्रत्येकावर अनुक्रमांक असतो. मधला एखादा क्रमांक आला नाही, तर संगणक तेवढाच गठ्ठा पुन्हा मागतो आणि कॅमेरा आपल्या स्मृतीतून तो परत देतो. कॅमेरा लिंकला जे कळतच नव्हते, ते इथे दुरुस्तही होते.

नंतरची वंशावळ लांबवण्याची गरज नाही. जानेवारी २०१३ मध्ये ‘यूएसबी३ व्हिजन’ आले. वेग गिगईच्या तिप्पट, केबल मात्र चार-पाच मीटरच, आणि हिसक्याने निघू नये म्हणून कनेक्टरला स्क्रू. त्याआधी जपानच्या औद्योगिक इमेजिंग संघटनेच्या छत्राखाली ‘कोॲक्सप्रेस’ उभे राहिले होते. टीव्हीच्या जुन्या जातीची कोॲक्स केबल पुन्हा मानाने परतली, पण आता एकाच तारेवरून चित्र, कॅमेऱ्याला द्यायच्या आज्ञा आणि वीज, तिन्ही. २०१९च्या दुसऱ्या आवृत्तीत एका केबलचा वेग सेकंदाला साडेबारा गिगाबिट झाला. चार केबल जोडल्या की पन्नास. मोबाइलचा पडदा किंवा सिलिकॉनची चकती तपासायला असा वेग लागतो. ‘कॅमेरा लिंक एचएस’ हे २०१२चे मानक याच पंगतीतले, प्रकाशतंतूवरून लांब पल्ला गाठणारे.

वेगाचे हे आकडे माहितीपत्रकात मोठ्या अक्षरांत छापतात. खरी क्रांती ज्याने केली, त्याच्या वाट्याला मात्र बारीक टाइप येतो. त्याचे नाव ‘जेनआयकॅम’. युरोपीय मशिन व्हिजन संघटनेने तेही २००६ मध्येच आणले. त्याला स्वतःचा वेग नाही, स्वतःची केबल नाही. ते व्याकरण आहे.

त्याची कल्पना अशी. कॅमेरा चित्र पाठवायला लागण्याआधी त्याला बरेच काही सांगावे लागते. उजेडाला किती वेळ वाव द्यायचा, संकेत किती पटीने वाढवायचा, चित्राचा कोणता भाग घ्यायचा, कधी टिपायचे. पूर्वी हे प्रत्येक कंपनीच्या स्वतःच्या भाषेत सांगावे लागे. एकाच गोष्टीला एक ‘शटर’ म्हणे, दुसरा ‘इंटिग्रेशन टाइम’, तिसऱ्याकडे नुसता एखाद्या रजिस्टरचा क्रमांक. जेनआयकॅमने ठरवले की कॅमेऱ्याने आपली ओळख स्वतःच करून द्यायची. कॅमेऱ्याच्या पोटात एक वर्णन-फाइल असते. जोडताक्षणी संगणक ती वाचतो आणि कॅमेऱ्याला काय काय येते ते समजून घेतो. सोबत नावांचा कोशही ठरला. उजेडाच्या वेळेला ‘एक्स्पोजरटाइम’ म्हणायचे, ‘गेन’ला ‘गेन’च म्हणायचे. कॅमेरा जर्मनीचा असो, जपानचा असो वा कॅनडाचा, नाव तेच. गिगई व्हिजन, यूएसबी३ व्हिजन आणि कोॲक्सप्रेस या तिन्हींनी हे व्याकरण स्वीकारले. त्यामुळे केबल बदलली तरी प्रोग्रॅमच्या ओळी मोठ्या प्रमाणात तशाच राहतात.

हे घडले कसे, तेही पाहण्यासारखे आहे. मोबाइलसाठी एकच चार्जर असावा म्हणून युरोपीय संघाला कायदा करावा लागला. डिसेंबर २०२४च्या अखेरीस तो लागू झाला, त्याच्या वर्षभर आधीच ॲपलने आपला आयफोन बदलला. कॅमेऱ्यांच्या जगात असा दंडुका कोणी उगारला नाही. एकमेकांचे गिऱ्हाईक पळवणाऱ्या कंपन्यांचे अभियंते वर्षातून दोनदा एका गावी जमतात, दिवसभर कलमांवर वाद घालतात आणि मग ‘प्लगफेस्ट’ भरवतात. त्यात प्रत्येक जण आपला कॅमेरा किंवा सॉफ्टवेअर घेऊन प्रतिस्पर्ध्याच्या टेबलाशी जातो आणि जोडून बघतो. चालला तर पुढच्या टेबलाकडे, अडखळला तर दोघे मिळून दोष शोधतात. उद्या ज्याच्याशी टेंडरमध्ये झुंज द्यायची, त्याच्याच यंत्रातली चूक आज शोधून द्यायची. आपल्याकडे उद्योगातल्या सहकार्यावर भाषणे पुष्कळ होतात, ती देणाऱ्यांनी हे टेबल एकदा जवळून पाहावे.

त्या टेबलाभोवतीच्या खुर्च्या मात्र मोजाव्या लागतील. या मानकांचा समन्वय करणाऱ्या जागतिक गटात अमेरिकेची ए३, युरोपची ईएमव्हीए, जपानची जेआयआयए, चीनची सीएमव्हीयू आणि जर्मनीची व्हीडीएमए या संघटना आहेत. भारताची संघटना त्यात नाही. जगातल्या मोठ्या वाहन-उद्योगांपैकी एक ज्या देशात आहे, औषधे जगभर पाठवणारे कारखाने ज्या देशात आहेत, त्या देशाला यंत्राच्या डोळ्याची भाषा ठरवताना बोलायला जागा नसावी, ही बोचणारी गोष्ट आहे. आपल्याकडचा उजेड, आपल्याकडची धूळ, एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली चढणारे तापमान, विजेचे हेलकावे या गोष्टी मांडणारा तिथे कोणी नसेल, तर त्या मानकात येणार कुठून? चीनचा बाजार मोठा होत गेला तशी त्याची संघटनाही आत आली. सॉफ्टवेअरचे मनुष्यबळ पुणे आणि बेंगळुरू इथे असताना आपल्याला ते जमू नये असे काही कारण दिसत नाही. उद्योग-संघटनांनी ठरवले तर सदस्यत्वाचा आणि चार अभियंत्यांच्या प्रवासाचा खर्च त्यांच्या एका वार्षिक मेळाव्याच्या मांडवाएवढाही होऊ नये.

संघटनेचे होईल तेव्हा होईल. छोट्या कारखान्याचे मात्र रोज घडते आहे. समजा, भोसरीत तीस माणसांचे एक युनिट आहे, बेअरिंगच्या कड्या तपासायला त्याने कॅमेऱ्याची यंत्रणा बसवली आहे. विकणाऱ्याने कॅमेरा, केबल, पेटी, सॉफ्टवेअर असा सगळा संच दिला आणि त्यातली प्रत्येक वस्तू त्याची त्याचीच. सहा वर्षांनी कॅमेरा बंद पडला. ते मॉडेल आता बनत नाही. दुसऱ्या कंपनीचा कॅमेरा त्या पेटीशी बोलत नाही. विक्रेता सांगतो, अख्खा संच बदला. कॅमेऱ्याच्या किमतीत भागणारे काम यंत्रणेच्या किमतीवर जाते, वर लाइन बंद राहते ती वेगळीच. मोठ्या वाहन-कंपनीला हा धक्का सोसतो. ज्याची डिलिव्हरी चुकली की पुढची ऑर्डरच हातची जाते, त्याला सोसत नाही.

बंद संचाच्या बाजूनेही एक म्हणणे आहे आणि ते खरे आहे. सगळे एकाच घरचे असले की बिघाड झाल्यावर फोन एकालाच करायचा. कॅमेरा एकाचा, केबल दुसऱ्याची, सॉफ्टवेअर तिसऱ्याचे असले की तिघेही एकमेकांकडे बोट दाखवतात, हा अनुभव शॉप फ्लोअरवर नवा नाही. त्यामुळे संच एकाकडूनच घेण्यात गैर काही नाही. फक्त त्या संचातला कॅमेरा सर्वांची बोली बोलणारा हवा, म्हणजे विक्रेत्याशी जमले तोवर जमले, नाही जमले तर दार उघडे.

वेगाचा मोहही इथेच आवरायला हवा. मिनिटाला साठ नग जाणाऱ्या लाइनवर सेकंदाला एक चित्र पुरते. तिथे कोॲक्सप्रेसचा कॅमेरा आणि त्याचे महागडे कार्ड बसवणे म्हणजे पैसे वाया घालवणे आहे. तिथे वेग तारेचा नव्हे, उजेड टिपण्याचा हवा असतो. सेकंदाला एक मीटर धावणारा नग एक सहस्रांश सेकंदात एक मिलिमीटर सरकतो, आणि चित्र तेवढे पुसट होते. एक्स्पोजर त्याच्या दहाव्या हिश्शावर आणले आणि त्या बदल्यात दिवा जोरकस लावला, तर साध्या लॅन केबलवरचा कॅमेराही नीट काम देतो. हा हिशेब करायला माहितीपत्रक लागत नाही, स्टॉपवॉच आणि फूटपट्टी पुरते.

आणखी एक काळजी नव्याने उभी राहते आहे. मोबाइलमधले कॅमेरे ज्या ‘एमआयपीआय’ पद्धतीने जोडतात, त्या पद्धतीचे स्वस्त कॅमेरे आता एका पत्त्याएवढ्या संगणक-बोर्डांना लावून तपासणी-यंत्रे बनवली जात आहेत. नवे उद्योजक, महाविद्यालयीन मुले यांना ते परवडते आणि त्यांच्या कल्पकतेला दाद द्यायलाच हवी. पण ती केबल वीतभराची, आणि प्रत्येक सेन्सरसाठी, प्रत्येक बोर्डासाठी वेगळा ड्रायव्हर लिहावा लागतो. बोर्डाची पुढची आवृत्ती आली की तो पुन्हा लिहायचा. म्हणजे २००० सालाआधीचा, जोडीगणिक केबल बनवण्याचा काळ सॉफ्टवेअरच्या रूपाने परत येतो आहे. प्रयोगशाळेत हे चालते. एकदा शंभर यंत्रे गिऱ्हाइकाकडे गेली, की त्यातल्या प्रत्येकाचा ड्रायव्हर सांभाळत बसावे लागते आणि नवे काही करायला हात मोकळे राहत नाहीत.

अभियांत्रिकीच्या मुलांना प्रतिमा-प्रक्रिया शिकवतात, आता डीप लर्निंगही शिकवतात. चित्रे मात्र इंटरनेटवरून उतरवलेली असतात. कॅमेरा हातात घेऊन तो जोडणे, एक्स्पोजर बदलणे, गठ्ठे का गळतात हे शोधणे, हे प्रात्यक्षिक फार थोड्यांच्या वाट्याला येते. त्यासाठी महागडी प्रयोगशाळा लागत नाही. एक गिगई कॅमेरा, एक स्विच आणि ‘आराविस’सारखे मोफत, खुले सॉफ्टवेअर एवढ्यावर वर्ग चालू शकतो. आयटीआयमध्ये तर हे आधी जायला हवे, कारण रात्रपाळीत लाइन थांबल्यावर केबल हातात घेणारा मुलगा तिथूनच येतो.

आणि ज्यांना उद्याच कॅमेरा घ्यायचा आहे, त्यांनी पर्चेस ऑर्डरवर दोन ओळी वाढवाव्यात: कॅमेरा गिगई व्हिजन, यूएसबी३ व्हिजन किंवा कोॲक्सप्रेस यांपैकी एका मानकाचा असावा आणि सॉफ्टवेअर जेनआयकॅमवर चालावे. ट्रायलच्या दिवशी शेजारच्या युनिटमधून दुसऱ्या कंपनीचा, पण त्याच मानकाचा एक कॅमेरा तासाभरासाठी मागून आणावा. विक्रेत्यासमोर त्याचा कॅमेरा काढून हा जोडावा. यादीत नवे नाव उमटले, चित्र आले आणि ‘एक्स्पोजरटाइम’चा आकडा बदलता आला, तर बिलावर सही करावी.